मशीन उघडायची परवानगी

भूकंपात आमचं घर मशीनवर पडलं. मशीन म्हणजे अण्णांचा, माझ्या वडिलांचा, सिनेमाचा प्रोजेक्टर. उभा जन्म त्यांनी जत्रेजत्रेत तंबू ठोकून सिनेमे दाखवले. भूकंपानंतर माझ्याकडं लातूरला राहायला आले, तेही मशीन पोत्यात बांधून. मी क्लासमध्ये फिजिक्स शिकवायची. गल्लीभर पोरांची होस्टेलं, जो तो डॉक्टर व्हायच्या घाईत, आणि आमचे अण्णा गॅलरीत बसून कानस घाशीत. त्यांनी सगळं जुळवत आणलं. राहिला एकच तुकडा, फिल्म एकेक चित्र पुढं ढकलणारा, चार पाकळ्यांचा. त्याचा पार चुरा झाला होता. लेथवाला म्हणाला, "नमुना दाखवा, हुबेहूब करून देतो." आता नमुना काय झाडाला लागतो? त्यात अण्णांना काचबिंदू. उरलीसुरली नजरही जाणार, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलेलं. त्याआधी एकदा पडद्यावर चित्र हललेलं बघायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

तसलंच मशीन नांदेडच्या एका संग्रहालयात निघालं, काचेच्या पेटीत. तिथले साहेब म्हणाले, "बघा की. उघडता मात्र येणार न्हाई." अहो, वरून काय बघू, पत्रा? पुन्हा गेले, हातापाया पडले. "नियम हाय, मॅडम." आग लागो त्या नियमाला! शेवटी बोलता बोलता मी कुठं शिकवते ते निघालं, आणि साहेब खुर्चीतून उठलेच. "आधी सांगायचं न्हाई का! आमच्या पोरीला पहिल्या बॅचमध्ये बसवा की." बसवली. नियम कुठल्या कुठं पळाला.

अण्णा इस्त्रीचा सदरा घालून आले, सोबत स्वतःचा पेचकस. पेटीचं कुलूप काढताना साहेब कौतुकानं सांगत होते, "लई जपलंय बघा. दर खंडेनवमीला पूजा. नारळ ह्याच्यावरच फोडतो, पाणी वरूनच सोडतो. एक साल चुकवलं न्हाई."

अण्णांनी झाकण उघडलं. तेल कधीच आटलेलं. नारळाचं पाणी आणि हळदकुंकू मुरून आत नुसता लाल गोळा झाला होता. त्यांनी बोट लावलं तर गंजाचे पापुद्रे सुटले. पाकळ्या कुठल्या नि माप कसलं! साहेबांवर ओरडावं असं वाटत होतं, पण ते बिचारे हात जोडून उभे होते. अण्णांनी झाकण लावलं आणि स्क्रू एकेक करून घट्ट पिळले.

बसस्टँडवर मी म्हणाले, "अण्णा, हैदराबादला असेल एखादं. तिथं विचारते."

त्यांनी चाचपत माझा हात धरला. "तवर मला दिसायचं न्हाई, माय. आता भंगारवाल्याला बोलाव."

दिवाळीच्या आत बोलावला.