कंट्रोलचा छल्ला

आमच्या उमरेडला जुनी माणसं रेशनच्या दुकानाला रेशन म्हणत नाहीत. ते कंट्रोल. कंट्रोलचा गहू, कंट्रोलचा तांदूळ, आणि एखादी वस्तू आणल्या आणल्या मोडली की ‘कंट्रोलची दिसते!’ हा शब्द एके दुपारी माझ्या बाबांच्या जिवावर उठेल असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

मी नागपूरच्या एका खासगी दवाखान्यात कॅथलॅबमध्ये सिस्टर आहे. मनगटातून तार सरकवत हृदयाच्या बंद नळीपर्यंत जायचं, फुग्याने ती उघडायची आणि पुन्हा मिटू नये म्हणून आत बारीक जाळीची नळी बसवून यायचं, हे आमचं रोजचं काम. डॉक्टर त्या जाळीला स्टेंट म्हणतात, पेशंट छल्ला म्हणतात. मीही छल्लाच म्हणते, समोरच्याला पटकन समजतं. पाकीट फोडून तो डॉक्टरांच्या हातात देणारी मीच, त्यामुळे छल्ल्याबद्दल मला कुणी शहाणपण शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं.

त्या दिवशी शिकवायला निघाले ते खुद्द बाबाच. जन्म हातमागावर गेलेला माणूस. नागपुरात प्रताप नगरला माझ्याकडे चार दिवस राहायला आले होते, आणि जिना चढता चढता त्यांना दरदरून घाम फुटला. मी चपला घालायलाही थांबले नाही, तशीच त्यांना ऑटोत घालून आमच्याच दवाखान्यात नेलं. तपासणीत मुख्य नळी जवळजवळ बंद निघाली. डॉक्टर म्हणाले, घरी न्यायचं नाव काढू नका, आजच छल्ला टाकू. बाबांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली. मग हळूच मला खर्च विचारला.

“खर्चाची फिकीर नका करू,” मी म्हटलं. “छल्ल्याचा भाव आता सरकारनं बांधून देला. त्याच्यावर कोणाले जाता येत नाही.”

“म्हणजे कंट्रोलचा?”

“तसंच समजा.”

तसंच समजा म्हटलं आणि सगळा घोटाळा झाला. बाबा खाटेवर ताडकन उठून बसले. “काय वं, सख्ख्या बापाले कंट्रोलचा छल्ला टाकून राहिली? काढ ह्या वायरी. मी उमरेडले चाललो.”

“बाबा, माल तोच हाये. भाव तेवढा बांधला.”

“मले नको शिकवू. जनमभर सूत हाताळलं म्या. भाव पाडला का माणूस पहिले सुतातच खोट करते.”

खरं सांगायचं तर त्यांचा संशय अगदीच पोकळ नव्हता. भाव बांधले तेव्हा नव्या तऱ्हेचे काही छल्ले मिळेनासे झाले म्हणून आमचे डॉक्टर चिडचिड करत होते. छल्ल्याचा भाव उतरला तसे बिलातले फुगे, तारा आणि खोलीभाडं मात्र अंगाने भरत गेले, तेही मी याच डोळ्यांनी पाहिलं. सरकारने एक भोक बुजवलं की पाणी दुसरीकडून झिरपतं. तरीही भाव बांधले ते चांगलंच केलं, हे माझं मत पक्कं आहे आणि त्यावर मी कुणाशीही भांडायला तयार असते.

कारण माझी आई याच दुखण्याने गेली. तेव्हा भाव बांधलेले नव्हते. एका दवाखान्यात टेबलापलीकडच्या माणसाने बाबांपुढे तीन छल्ले मांडले होते. साधा, चांगला आणि सगळ्यात चांगला. तिन्हींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. “कोणता टाकायचा ते सांगा,” तो म्हणाला. बाबांनी घरी जाऊन विचार करून सांगतो म्हटलं आणि आईला घेऊन उमरेडच्या एसटीत बसले. विचार चालू असतानाच आई गेली. मी तेव्हा नर्सिंग शिकत होते. त्या विचाराबद्दल मी बाबांना कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही.

आता तेच बाबा पुन्हा एसटी धरायला निघाले होते. मला रडू आणि राग एकदमच आले. माझ्याकडे राग नेहमी थोडा जास्त असतो, म्हणून मी दोन खाटांमधला पडदा सर्रकन बाजूला सारला.

शेजारी एक बडे ठेकेदार होते. सकाळीच त्यांना छल्ला बसला होता. “भाऊ,” मी म्हटलं, “माह्या बाबाले सांगा बरं, तुमाले कोणता टाकला?”

ठेकेदार आधीच भरून बसले होते. “काय सांगू काकाजी! पोराले म्हटलं, सगळ्यात महागातला टाक, पैशाची कमी नाही. त डॉक्टर म्हणते, याच्याहून महाग भेटतच नाही. सरकारनं सर्वाइले एकच भाव केला म्हणे.”

बाबांनी त्यांच्या हातातलं सोन्याचं जाड कडं पाहिलं. मग त्यांचा चेहरा पाहिला. “म्हणजे तुमालेही कंट्रोलचाच?”

“कंट्रोलचा काहून म्हणता जी?” ठेकेदार चांगलेच दुखावले.

बाबांना हसू फुटलं. छातीला चिकटवलेल्या वायरी हलल्या, मॉनिटर बोंबलायला लागला, आणि बाबा आपले आपण आडवे झाले. “टाक वं,” ते ठेकेदारांकडे बोट करून म्हणाले. “पण याईच्याच डब्यातला टाक.”

बाबांच्या नळीचं माप वेगळं होतं, त्यामुळे डबाही वेगळाच होता. ते मी सांगितलं नाही. पाकीट मात्र मीच फोडलं, दुसऱ्या सिस्टरला हात लावू दिला नाही.

संध्याकाळी मी त्यांना चमच्याने चहा पाजत होते.

“तुह्या मायच्या टायमाले साधा म्हटला असता, त तिथंच काम झालं असतं,” ते म्हणाले. “मले वाटलं, जनमभर तिले साधंच भेटलं. हे तरी सगळ्यात चांगलं टाकावं. त्याच्याच पैशाची जमवाजमव करून राहिलो होतो मी.”

इतकी वर्षं मी धरून चालले होते की बाबा खर्चाला बिचकले. मी चमचा खाली ठेवला आणि त्यांचा हात धरून बसले.

अजूनही कुणीतरी नातेवाईक येतो, इकडेतिकडे पाहतो आणि आवाज बारीक करून विचारतो, “सिस्टर, हा कंट्रोलचा ना?” मी आता दुरुस्त करत बसत नाही.

“हो, कंट्रोलचाच,” मी म्हणते. “म्हणून तं घरी जाऊन इचार कराचं काम नाही. आजच टाकून घ्या.”