मायाप्पा ड्रायव्हरचं कायक

निपाणी-बेळगाव गाडीचा मायाप्पा ड्रायव्हर जाग्यावर बसायचा म्हणजे आधी त्याचं पोट बसायचं, मग मायाप्पा. पोट स्टिअरिंगच्या खाली नीट टेकलं की तो आरशाला अडकवलेला हार सरळ करायचा आणि घसा खाकरायचा. तो खाकरला की गाडीही खाकरायची. दोघांचा सूर इतका एक, की स्टँडवर चहा पिणाऱ्याला कळू नये, आत्ता चालू झालं ते इंजिन की ड्रायव्हर. मग मागनं कंडक्टर भरमूचा बांबूच्या पिपाणीसारखा आवाज यायचा, "रैऽऽट", आणि निपाणी मागं पडायची.

गाडीची आणि मायाप्पाची एवढी सोयरीक, की तवंदीच्या घाटात गिअर बदलताना तिला त्रास नको म्हणून हा स्वतःच दात आवळायचा. बायको अक्काताई म्हणायची, माझ्यासाठी कधी आवळलं न्हाईत.

तंबाखूवाले शेतकरी भावासाठी हायवेवर धरणं धरून बसले होते, त्याच्या पुढच्या साली वरनं हुकूम आला: चाळिशी ओलांडलेल्या सगळ्या ड्रायव्हरांची तपासणी. मायाप्पा बेळगावच्या कॅम्प भागातल्या दवाखान्यात गेला. तिथले डॉक्टर मिलिटरीतनं रिटायर झालेले, सगळे त्यांना मेजरसाहेबच म्हणायचे. मिशा अशा, की त्यांच्या दोन टोकांना दोन कपडे वाळत घालावेत. बोलणं परेडवर हुकूम सोडल्यासारखं. निम्मं हिंदी, पाव इंग्रजी, आणि वर भुरभुरायला चिमूटभर कन्नड.

मेजरसाहेबांनी मायाप्पाला जिना चढायला लावला. वर पोचेस्तोवर त्याची छाती लोहाराचा भाता झाली होती आणि डावा गुडघा, क्लच दाबून दाबून दमलेला, गंजल्या बिजागरीसारखा कुरकुरत होता. साहेबांनी निकाल सांगितला. दम कमी आहे. पळायचं नाव काढायचं नाही, गुडघा कामातनं जाईल. लांब चालणंही नको. "दम लगना चाहिए, घुटना नहीं लगना चाहिए," ते म्हणाले. मग दोन्ही मुठी छातीसमोर धरून त्यांनी एकदा डावी, एकदा उजवी अशी हवेत ओढली. "कायाक. डेली. मॉर्निंग. बैठ के. ऐसा, ऐसा. पानी में. समझे?"

"समझ्या साब," मायाप्पा म्हणाला. नोकरीला लागल्यापासून कुठल्याही साहेबाला त्यानं हेच उत्तर दिलं होतं, आणि आजवर कुणी पुढचं विचारलं नव्हतं.

साहेबांनी पावसाळ्याच्या तोंडापर्यंत स्टिअरिंग बंद केलं. तोवर डेपोच्या गेटवर ड्युटी; दम सुधारला तर गाडी परत. नाहीतर उरलेली नोकरीही गेटवरच.

परत येताना मायाप्पा जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या गाडीत मागच्या बाकावर बसला. पुढं कोण तो नवा ड्रायव्हर तिला अशी चालवत होता, की गिअर टाकताना ती केकाटायची आणि मायाप्पा जाग्यावर उडायचा. भरमूनं तिकिटं फाडता फाडता सगळं ऐकून घेतलं. तो कन्नड शाळेत शिकलेला. त्यानं कात्रीसारखी दोन बोटं हवेत नाचवली आणि अर्थ फोडला.

"कायक म्हंजे काम, अण्णा. पर साधं न्हवं. देवाचं म्हणून करायचं काम. लिंगायत लोकांत लई मोठा शब्द हाय त्यो."

"आणि ह्ये?" मायाप्पानं मुठी ओढून दाखवल्या, डावी, उजवी.

भरमूनं क्षणभर डोळे मिटले. पाणी म्हणाले व्हय? मग आडाचं पाणी शेंदणं. बसून म्हणाले? मग जात्यावर दळणं. हात चालतोय, घाम येतोय, सकाळची वेळ. त्यात न समजण्यासारखं काय हाय?

अक्काताई दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसली होती. नवऱ्याची गाडी गेली हे ऐकून तिची बोटं थांबली. विडी वळताना तिची बोटं लग्नातही थांबली नसती. पण डॉक्टरनं औषध काय सांगितलं हे ऐकल्यावर ती परत सुरू झाली, आणि जरा जास्तच जोरात. ती म्हणाली, "असला डाक्टर बारा गावात न्हाय."

गिरण आल्यापासून कोपऱ्यात पडलेलं जातं दुसऱ्या दिवशी पहाटे माजघरात आलं. मायाप्पा एक पाय लांब करून, दुसरा मुडपून बसला. मुडपलेला डावा. दळायचं तर ओवी पाहिजे, आणि त्याला एकही येत नव्हती. त्याला पाठ होतं ते एकच. त्यानं खुंटा फिरवला आणि सुरू केलं:

"निपाणीऽ, तवंदीऽ, कणगलाऽ..."

कणगल्याला धाप लागली. गाडी बंद पडली. अक्काताईनं मूठभर हरभरे जात्याच्या तोंडात सोडले आणि परत ढकललं.

गल्लीत बातमी पसरायला जात्याची घरघर पुरली. बायका दारातनं डोकावायला लागल्या, मग डोकावता डोकावता आपली पायली घेऊन यायला लागल्या. औषधच आहे तर जरा आमच्या डाळीचं घ्या. दळून झालं की मायाप्पा आडावर. तिथं घागरींची रांग त्याच्या गाडीला कधी नव्हती एवढी. एक म्हातारी तर तांब्या घेऊन उभी होती, मी लांबची न्हाय वो, मधल्या स्टापची, म्हणाली. मायाप्पानं तिलाही घेतलं. आणि दिवसभर गेटवर शिट्टी तोंडात धरून गाड्या मागं घ्यायच्या, येऊं द्या, येऊं द्या, बस. संध्याकाळी त्याची गाडी आत यायची तेव्हा तो दुसरीकडं बघायचा. पण कान कुठं फिरवणार? चढावर ती कुठल्या गिअरमध्ये रडत आली असेल, ते त्याला गेटवर उभ्या उभ्या ऐकू यायचं.

होळीच्या आसपास परत कॅम्प. मेजरसाहेबांनी छाती ऐकली आणि खूश झाले. गुडघा बघितला आणि मिशा खाली आल्या. गुडघ्याचं कलिंगड झालं होतं. काय केलंस, त्यांनी विचारलं. मायाप्पानं जमिनीवर बसून सगळं करून दाखवलं, घरघर आवाजासकट, मग उभा राहून घागर शेंदली. ती त्यानं अशी काळजीनं काठावर ठेवली, की कंपाउंडर बाजूला सरकला.

साहेब हसले ते खुर्ची मागं सरकेपर्यंत. मग त्यांनी भिंतीवरचा फोटो दाखवला. तरुण मेजरसाहेब, काळ्या मिशा, आणि खाली पाण्यावर दोडका उभा चिरून आत बसावं तसली निमुळती नाव. हातात दोन्ही टोकांना पसरट असलेलं एकच वल्हं. "ये है कायाक," ते म्हणाले. पाय पुढं लांब, गुडघ्याला आराम, काम हाताचं, खांद्याचं आणि दमाचं.

मायाप्पा फोटोकडं बघत राहिला. एवढे दिवस त्यानं अख्ख्या गल्लीचा हरभरा भरडला होता, ह्या दोडक्यापायी. आणि आता आपल्या गावात असला दोडका कुठनं आणायचा? पावसाळा तर तीन महिन्यांवर आला.

उत्तर मेहुण्याकडं होतं. परशरामाचं वेदगंगेच्या काठाला गुऱ्हाळ, आणि हंगाम संपून काहील झाडाखाली उपडी पडलेली. उसाचा रस आटवायची ती लोखंडी कढई, एवढी रुंद की आत पंगत बसावी. पूर आला की त्या भागातली माणसं तिच्यातच बसून नदी ओलांडतात, त्यात नवल काही नाही. परशराम म्हणाला, "दाजी, हिच्यातनं रेडकं नेल्यात मी. तुमाला काय हुतंय?"

रेडकांचा दाखला मायाप्पाला फारसा आवडला नाही. पण त्यानं काहील पाण्यात लोटली. बंधाऱ्याच्या फळ्या घातलेल्या, त्यामुळं नदी तळ्यासारखी स्थिर, गुमान. मायाप्पा पाय लांब करून बसला, गूळ ढवळायचं लांब लाकडी फावडं हातात घेतलं, आणि उजवीकडं एक जोरात मारलं.

काहील फिरली. काहिलीला तोंड नसतं, शेपूट नसतं, पुढं कुठं जायचं हे तिला आईबापांनी शिकवलेलं नसतं. ती आपली जाग्यावर गरागरा. मायाप्पासमोरनं परशराम गेला, मग धुणं धुणाऱ्या बायका, मग बाभळ, मग म्हैस, मग परत परशराम. मायाप्पाला मेहुण्याला काही विचारायचं होतं. "थांबवू" एवढं परशरामाला ऐकू आलं, "कशी" धुणेवाल्यांना, आणि "रं" म्हशीला. म्हशीनं तेवढं मान वर करून बघितलं. त्यातच काहिलीच्या कडेला राहिलेल्या गुळावरच्या मुंग्यांना बसायला मायाप्पा सापडला. काठावरनं भरमू जीव तोडून ओरडत होता, "होऽऽल्डान, होऽऽल्डान." पण घंटीची दोरी नसली की गाडी कुठली थांबतेय. धुणेवाल्या बायका पिळायचं विसरून एकमेकींच्या अंगावर पडल्या होत्या. गरगरता गरगरता मायाप्पालाच हसू आलं. हसल्यानं पोट हललं, पोट हललं तशी काहील डुलली, काहील डुलली तसा तो आणखी हसला. शेवटी परशरामानं पोहत जाऊन ओढून आणलं तेव्हा तो काठावर उतरला आणि सरळ बाभळीला जाऊन नमस्कार करून बसला. त्याच्या लेखी ती अजून फिरतच होती.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. त्याच्या हाताला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: सरळ रस्त्यावरही गाडी सरळ धरून चालत नाही, जरा डावं, जरा उजवं करत राहावं लागतं. त्यानं उजवीकडं हलकं मारलं, काहील वळायच्या आत डावीकडं मारलं. तिनं आधी नखरा केला. मग पाऊण गिरकी, मग पाव, मग नुसती मान डोलवत निघाली. प्रत्येक फटक्याला एक गाव. निपाणी, डावीकडं. तवंदी, उजवीकडं. कणगला सुखानं गेलं. संकेश्वरला दम संपला, आणि काहील नदीच्या मधोमध प्रवासी उतरल्यासारखी उभी राहिली.

पुढचे कितीतरी दिवस तो संकेश्वरलाच बंद पडत होता. उन्हाळा तापला, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, गुडघा उतरला, पण संकेश्वर ओलांडेना. भरमू ड्युटीवर जाता जाता काठावरनं विचारायचा, अण्णा, आज कुठवर? मायाप्पा नुसता हात हलवायचा. गेटवर शिट्टी फुंकताना त्याला आता तिचाही राग यायचा, एवढा दम हिच्यात घालतोय, तो तिकडं मिळाला असता तर. मग एका सकाळी हत्तरगी आलं. मग यमकनमर्डी. पण बेळगाव अजून लांब होतं, आणि आभाळात ढग जमायला लागले होते.

इकडं भरमूनं कॅम्पात जाऊन मेजरसाहेबांना सांगून टाकलं होतं, की मायाप्पाची नाव गुळाची आहे. साहेबांना वाटलं ह्याचं हिंदी कच्चं आहे. खरं काय ते बघायला एका रविवारी ते स्वतःच जीपमधनं वेदगंगेला उतरले. काहील बघितली, तिच्याभोवती एक चक्कर मारली, बूट काढले, आणि आत बसले. तपासणी इथेच, म्हणाले. तू चालव, मी मागनं ऐकतो.

अक्काताई काठावर सूप घेऊन बसली होती. तिची बोटं थांबली.

मायाप्पाच्या उघड्या पाठीला नळीचं गार टोक लागलं. त्यानं फावडं उचललं. "निपाणीऽ." डावीकडं. "तवंदीऽ." साहेबांचं वजन मागं, त्यामुळं काहिलीचं नाक वर आलं, म्हणजे जे काही नाक तिला त्या दिवशी होतं ते. घाटात गाडी अशीच नाक वर करायची. कणगला गेलं. संकेश्वर आलं. पाठीवरचं टोक एका जाग्यावर थबकलं आणि मायाप्पाला वाटलं, झालं, इथंच उतरवणार. त्यानं दात आवळले, गाडीसाठी आवळायचा तसेच, आणि गिअर बदलला. "हत्तरगीऽ. यमकनमर्डीऽ. वंटमुरीऽ." काठावर भरमू, परशराम, धुणेवाल्या, सगळे पुढचं गाव ओठातल्या ओठात म्हणत होते. "काकतीऽ." आणि काहील पलीकडच्या वाळूला लागली. "बेळगाव," मायाप्पा म्हणाला, साधं, स्टँडवर गाडी लावून पाटी काढावी तसं.

साहेबांनी कानातली नळी काढली. "वापसी का टिकट है?" त्यांनी विचारलं.

बेळगाव, काकती, वंटमुरी करत मायाप्पानं त्यांना परत आणलं, आणि निपाणीला थोडा दम शिल्लकच राहिला. तेवढ्यात त्यानं तोंडानं हॉर्न वाजवला. साहेब बूट घालत म्हणाले, सोमवारपासून स्टिअरिंग घे. पण हे रोज चालू राहिलं पाहिजे, पुढच्या तपासणीला दम उतरला तर गाडी परत जाईल. मग त्यांनी ढगांकडं बघितलं, नदीकडं बघितलं. "बारिश में क्या करोगे?"

मायाप्पा "समझ्या" म्हणणार होता. ते उत्तर बसत नव्हतं. फुगलेल्या वेदगंगेत रोज काहील कोण घालणार?

"कायक," मागनं अक्काताई म्हणाली.

साहेबांनी वळून तिच्याकडं बघितलं. मिशा हलल्या. मग त्यांनी जरा विचार केला आणि हुकूम सोडला: चलेगा. मगर जाता ऊपर, घुटना नीचे.

म्हणून त्या पावसाळ्यात जातं पडवीच्या कट्ट्यावर चढलं आणि मायाप्पा त्याच्यासमोर स्टुलावर, पाय खाली लांब सोडून, पहिल्या गाडीच्या आधी. गल्लीतल्या पायल्या परत आल्या. मधल्या स्टापची म्हातारीही आली. वंटमुरीला हात जरा सैल पडला की अक्काताई हरभऱ्याची मूठ जात्यात सोडायची आणि विडीवरची नजर न काढता म्हणायची, "रैऽऽट."