पहिल्या फटक्यात चाललेली चिप

कल्पना करा, नखाएवढ्या सिलिकॉनवर तुम्हाला गुणाकार करणारी हजारो चिमुकली यंत्रं बसवायची आहेत. प्रत्येकाला आकडे वेळेवर पोचायला हवेत. एकाला उशीर झाला, की बाकीची हातावर हात ठेवून बसतात. आणि आराखडा एकदा कारखान्यात गेला, की चूक खोडता येत नाही.

टीममधली पोरं जिला ताई म्हणायची, ती हेच काम करायची. एआयसाठीची चिप, कंपनीची पहिलीच. नवरा त्या चिपला ‘माझी सवत’ म्हणायचा.

काम अर्ध्यावर असताना तिला दुसऱ्या कंपनीतून मोठ्या पदासाठी बोलावणं आलं. तेव्हा तिचा साहेब, म्हणजे कॉलेजपासूनचा मित्रच, खुर्ची ओढून शेजारी बसला.

"तू गेलीस तर चिप पोरकी होईल गं."

तिनं नकार कळवून टाकला. एवढ्या जुन्या मित्राचा शब्द काय तपासायचा?

पुढे चिप बनून आली. पहिली खेप सहसा काहीतरी दुखणं घेऊनच येते. प्रयोगशाळेत बोर्डाला वीज दिली, पंखा घरघरला, पडद्यावर उत्तरं उमटली. सगळी बरोबर!

"ताई, आता आठवडाभर सुट्टी, ऑफिसला टाळं!" कुणीतरी ओरडलं.

साहेबानं तिला बाहेर बोलावलं. लिफ्टपाशी खालच्या आवाजात म्हणाला, "प्रकल्प बंद होतोय. बाहेरच्या चिपा निम्म्या भावात मिळतायत."

"असं अचानक?"

"आपली बनून आली हे त्या विकणाऱ्यांच्या कानावर गेलं ना. अगं, वरच्यांना ही वापरायचीच नव्हती. भाव पाडायला हाताशी काहीतरी हवं होतं."

"म्हणजे आम्ही बुजगावणं केलं?"

"पण काय झकास केलंस!" तो हसला. ती हसली नाही.

"वरच्यांचं राहू दे. तुला कधी कळलं?"

लिफ्ट आली. "मीटिंग आहे, नंतर बोलू," म्हणत तो आत शिरला.

आत पोरं पुढची चाचणी लावत होती. त्यांना सांगायचं काम आपोआप तिच्याच गळ्यात पडलं होतं.

आता ती दुसरीकडे आहे. तो अधूनमधून मेसेज करतो, खुशाली विचारतो. ती दर वेळी एकच लिहून पाठवते, आणि त्यावर उत्तर येत नाही: मला जाऊ नकोस म्हणालास, तेव्हा तुला माहीत होतं का रे?