माशांची वही आणि राहून गेलेला रकाना

बाळांनो,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं एकदमच बोलायला लागलात, त्यामुळे मला अर्धंच कळलं. घरात सहा फुटांची काचेची टाकी आली आहे, ती पाण्याने भरून ठेवली आहे आणि तिच्यात कुठले मासे एकत्र ठेवायचे यावरून तुमचं जमत नाही, एवढं समजलं. "आज्जी, तुमच्याकडे होती ना टाकी? तू सांग," असं तुम्ही म्हणालात आणि मी "विचार करून कळवते" म्हणून फोन ठेवला. आठवडाभर विचार केला. हे पत्र तुमची आई वाचून दाखवेल. ती तेव्हा सात वर्षांची होती आणि तिला फक्त पंपाचा आवाज आठवतो, असं तीच म्हणते. बाकीचं आठवणारी आता मी एकटीच आहे, म्हणून लिहून टाकते.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. आम्ही मुलुंडला नव्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो होतो. तुमचे आजोबा एका कारखान्यात इंजिनिअर होते आणि मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करत होते. त्याच वर्षी आमच्याकडे तुमचे पणजोबा, म्हणजे माझे सासरे, राहायला आले. मी त्यांना मामंजी म्हणत असे. मालवणकडच्या एका गावातून विशीत मुंबईला आलेले आणि पस्तीस वर्षं लालबागच्या एकाच खोलीत राहिलेले गृहस्थ. ती खोली त्यांच्या गावाची होती. गावचे एकवीस जण तिच्यात पाळ्या लावून झोपायचे; एकाची गिरणीतली पाळी सुटली की दुसऱ्याने त्याच वळकटीवर पडायचं. सासूबाई गावाला असत, त्या आधीच वारल्या होत्या. मग गिरणी बंद पडली, खोलीतले लोक पांगले, आणि तुमचे आजोबा एके दिवशी टॅक्सीत ट्रंक घालून त्यांना घेऊन आले.

ती ट्रंक त्यांनी कधी उघडलीच नाही. म्हणजे लागेल ते काढायचे आणि पुन्हा कडी लावून कॉटखाली सरकवायचे. मी कपाटाचा एक खण रिकामा करून दिला होता, तो रिकामाच राहिला. दिवसभर बाल्कनीत बसायचे आणि जो दिसेल त्याच्यावर खेकसायचे. दूधवाला, वॉचमन, वरच्या मजल्यावरून चादर झटकणारी बाई, कोणी सुटलं नाही. पंधरा दिवसांतून एकदा जाहीर करायचे, "गणपतीक जातलंय तो परत येवचंय नाय."

गावाला कोणी नव्हतं. घराला कुलूप होतं, पडवीचं छप्पर खचलेलं. गिरणीतल्या कापसाच्या धुळीने त्यांच्या छातीची वाट लागली होती, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, यांना एकटं ठेवू नका. तुमचे आजोबा रात्री जेवताना म्हणाले, "जबरदस्तीने थोडंच ठेवता येतं? काहीतरी हवं त्यांना इथे. बाबा लहानपणी खाडीवर तासन् तास मासे बघत बसायचे, असं माझी आजी सांगायची."

टाकीची कल्पना तिथून निघाली. कारखान्यातल्या एका वेल्डरने लोखंडी स्टँड करून दिला. टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. ती भरायला सतरा बादल्या लागल्या, आणि नळाला पाणी सकाळी दीड तास, त्यामुळे भरायलाच तीन दिवस गेले. औषधाचा वास जायला ते पाणी तसंच शिळं होऊ दिलं. तुम्हीही घाई करू नका.

मासे निवडायचं काम मी माझ्याकडे घेतलं. ग्रंथालयात शोभेच्या माशांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, ते कोणी नेत नसे. मी ते घरी आणलं, दोनशे पानी वही घेतली आणि पट्टीने रकाने आखले. नाव, पूर्ण वाढ झाल्यावरची लांबी, पाण्याचं तापमान, पाण्याच्या कुठल्या थरात राहतो, काय खातो, स्वभाव. सहा रकाने. गोल्डफिश मी पहिल्याच दिवशी खोडला. त्याला थंड पाणी लागतं आणि तो घाण फार करतो. ऑस्कर खोडला, कारण त्याच्या तोंडात मावेल तो मासा त्याचा घास. प्रत्येक मासा दुसऱ्या प्रत्येक माशाशी ताडून बघितला. महिनाभर हे चाललं होतं. तुमचे आजोबा म्हणाले, "अगं, पत्रिका जुळवतेयस का?"

शेवटी सहा जाती ठरल्या. दोन एंजल, दोन गुरामी, दोन स्वोर्डटेल, दोन झेब्रा, तळाशी राहणारे दोन कॅटफिश, आणि अंगावर काळे पट्टे असलेले दोन टायगर बार्ब. प्रत्येकी दोनच का, हा प्रश्न मला पडलाही नाही. आपल्याकडे मंगलकार्याला मेहूण जेवायला बोलावतात, नवरा-बायको जोडीने. घरात काही शुभ आणायचं तर जोडीने आणावं, हे माझ्या इतकं अंगात मुरलेलं होतं की सहा मेहुणं प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून मी घाटकोपरच्या दुकानातून समाधानाने घरी आले.

शेजारच्या गुजराती मावशी टाकी बघायला आल्या आणि हसत सुटल्या. "तुमचा काय भरोसा नाय बेन. बुधवारे तळते ने गुरुवारे पाळते!"

मामंजींनी एकदाच मान वळवली. "खावचे नाय ते मासे कसले," म्हणाले आणि पुन्हा बाल्कनीत जाऊन बसले. तुमच्या आजोबांचा चेहरा पडला.

आठवड्याभरात एंजलच्या लांब परांच्या चिंध्या झाल्या. ते दोघे टायगर बार्ब दिवसभर त्यांच्या मागे लागून कुरतडत होते. एक एंजल दहाव्या दिवशी मेला. मी वही काढली. स्वभावाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'चपळ, खेळकर'. मी त्यावर काट मारून 'भांडखोर' लिहिलं. आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात एक टाकी होती, तिथे त्यांना देऊन टाकायचं ठरवलं. सकाळी कामावर निघताना दोघांना जाळीने पकडलं, लोणच्याच्या धुतलेल्या बरणीत घातलं आणि चपला घालायला वाकले.

"तेंका खय घेऊन चललंस?" बाल्कनीतून आवाज आला.

"कॉलेजात देऊन टाकते, मामंजी. भांडखोर आहेत. त्यांच्यापायी एक मासा गेला."

ते उठून आले. बरणी माझ्या हातातून घेतली आणि डोळ्यांपाशी धरली.

"ते वायट नाय गो. दोघेच आसत म्हणान तसे करतत. हो जाडो त्या बारक्याच्या पाठी लागता. बारको मगे कोणाच्या पाठी लागतलो? त्या परवाल्याच्या. मी बघतंय ना रोज."

रोज. ते रोज बघत होते. आम्ही दोघं कामाला आणि तुमची आई शाळेत गेल्यावर खुर्ची आत ओढून घेत असावेत.

"आमच्या खोलयेत एकवीस जण होते," ते बरणीकडेच बघत म्हणाले. "रोज भांडणा. पाण्यावरून, वळकटीवरून, विडीवरून. पण ती आपापसात. भायरच्या कोणाक कधी हात लावलो नाय. दोघांनीच भांडूचा म्हटला तर किती भांडतले? ह्येंका गाववाले हवेत."

मला उशीर होत होता, तरी मी चपला काढल्या आणि पुस्तक उघडलं. टायगर बार्बचं पान. मी ते किमान तीनदा वाचलेलं होतं. त्यात दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं होतं की हा मासा आठ किंवा अधिकांच्या थव्यात ठेवावा. थवा असला की त्यांची चढाओढ आपसांत राहते, एकटादुकटा असला तर तो इतरांना छळतो. मी ते वाचलं होतं आणि लिहून घेतलं नव्हतं, कारण माझ्या सहा रकान्यांत ते कुठे बसत नव्हतं.

ग्रंथपालाने असं करावं, याची मला आजही लाज वाटते.

बरणीतले दोघे परत टाकीत गेले, आणि उरलेल्या एंजलला मी मोठ्या बादलीत वेगळं ठेवलं. येत्या रविवारी दुकानात जाऊन आणखी सहा आणायचे, असं मी जाहीर केलं. "मी येतंय," मामंजी म्हणाले. मुलुंडला आल्यापासून ते जिना उतरून दवाखान्यापलीकडे कुठे गेले नव्हते.

दुकानात त्यांनी एक तास लावला. टाकीसमोर स्टूल मागून घेतलं आणि एकेक मासा निरखत बसले. "तो नको, पोट आत गेला हा. तो चल. तो शेपटीवाला नको, एका कुशीवर पवता."

दुकानदार वैतागला. "काका, मासे घेताय की जावई बघताय?"

"जावय बदलून गावत नाय," मामंजी म्हणाले. "तू बदलून देतलंस?"

"नाही हां काका. आपल्याकडे पण नाही."

"मगे बघूक दी."

दुकानदाराने त्यांना चहा मागवला. सहा टायगर बार्ब आणि, मामंजींच्याच आग्रहाने, सहा झेब्रा घेऊन आम्ही परतलो. ते म्हणाले की झेब्रेही दोघेच आहेत आणि कोपऱ्यात भेदरून बसतात. तेही मला दिसलं नव्हतं.

पहिले दोन दिवस टाकीत नुसता गोंधळ होता. मग आठ वाघांचा घोळका झाला. मामंजी त्यांना वाघच म्हणत. ते एकमेकांना ढुशा देत, रांग लावत, एकमेकांना हुसकत, आणि बाकीच्यांकडे ढुंकूनही बघत नसत. आठवड्याने एंजलला परत सोडलं, त्याच्या बाजूला पाणवनस्पती दाट लावल्या. त्याचे पर हळूहळू भरून आले, पहिल्यासारखे सुबक मात्र झाले नाहीत. आज मला कोणी विचारलं तर लांब परांचे मासे बार्बच्या टाकीत घालूच नका म्हणेन. आमचं निभावलं एवढंच.

खेकसणं काही बंद झालं नाही. पण मामंजींनी तुमच्या आईकडून पोस्टकार्डं मागवून घेतली आणि खोलीतल्या जुन्या सोबत्यांना पत्रं टाकली. एक भांडुपला मुलीकडे होता, दोघे काळाचौकीला, एक डोंबिवलीला. एका रविवारी चौघेही आले. टाकीसमोर सतरंजीवर बसून त्यांनी कुठला वाघ खोलीतल्या कुणासारखा, यावर मोठमोठ्याने वाद घातला, माझा डबाभर चिवडा संपवला आणि पुढच्या महिन्यात येतो म्हणून गेले. ते आलेही.

तरी ट्रंक कॉटखालीच होती आणि गणपती जवळ येत होते. तुमच्या आजोबांनी एसटीचं तिकीट काढून आणलं. फक्त जायचं. यायचं काढू का, हे विचारायचा त्यांना धीर झाला नाही.

निघायच्या दिवशी मामंजींनी मला टाकीसमोर उभं केलं. "वाघांका सकाळी चिमूटभर. जास्त घातलंस तर पाणी वास मारतला. रविवारी दोन बादल्ये पाणी बदल, शिळा करून. एंजलाक वेगळा घाल, तो हावरट नाय." मी वहीत लिहून घेतलं. मग त्यांनी खुंटीवरची कापडी पिशवी घेतली आणि दाराकडे चालू लागले.

तुमचे आजोबा म्हणाले, "बाबा, ट्रंक?"

"ट्रंक कित्याक? पंधरा दिवसांचा तर काम."

ते सोळाव्या दिवशी परत आले. नारळ, कोकम आणि फणसाची साठं स्वयंपाकघरात ठेवायच्या आधी त्यांनी टाकीपाशी उभं राहून वाघ मोजले. आठ होते. मग ट्रंक ओढून काढली आणि कपडे त्या रिकाम्या खणात लावले. ट्रंकेत पुढे माशांचं खाद्य, जाळी आणि नळ्या राहू लागल्या. मामंजी आमच्याकडे अकरा वर्षं राहिले.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. लांबी, पाणी आणि स्वभाव बघाच, पण प्रत्येक जातीच्या पानावर ते किती जणांत राहतात ते आधी शोधा. टाकीत कमी जाती ठेवल्या तरी चालतील.

टाकीची काच पुढे एका रंगकामात तडकली आणि आम्ही ती पुन्हा केली नाही. लोखंडी स्टँड बाल्कनीत आहे, त्यावर माझ्या कुंड्या आहेत. वही माझ्या टेबलाच्या खणात आहे. तिच्यात माझे सहा रकाने शाईने आखलेले आहेत, आणि उजव्या समासात पट्टी न लावता पेन्सिलीने ओढलेला सातवा रकाना आहे. त्याच्या वर मामंजींच्या अक्षरात लिहिलं आहे, 'किती जण'.