काठाचं दुसरं टोक

आमच्या घरात एक नियम आहे आणि त्याबद्दल विचारायचं नसतं. सहलीला गेलं की लहान लेकरं लग्न न झालेल्या पोरीनं सांभाळायची. मी एकदा विचारलं होतं, काहून म्हणून. मोठी आई म्हणाली, "काहून म्हंजे? असंच राहते."

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. तो मोठा भाऊ म्हणजे मोठे बाबा. पांढुर्ण्यात आमचं सगळ्यांचं एकत्र घर, सौसरकडे संत्र्याचा बगीचा. बगीच्याचं काम आटोपून उन्हाळा लागला की मोठ्या बाबांच्या पायाला चाकं लागतात. माझे वडील त्यांच्यापुढे बोलत नाहीत, त्यामुळे ठरतं ते एकाच तोंडातून.

नागपूरला हॉस्टेलमध्ये मैत्रिणी सुट्टीनंतर काय काय पाहिलं ते सांगतात. मी काय काय नाही पाहिलं ते सांगते. पाहिलेल्या जागा दोन वाक्यांत संपतात, न पाहिलेल्यांचे किस्से साठत जातात. मेसमधली भाजी बेचव असली की मुली म्हणतात, "तुझं एखादं सांग गं."

* * *

आधी काठाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

निघायच्या दिवशी मोठी आई जुन्या लुगड्याचा काठ फाडते. चांगला लांब. त्याला हातभर अंतरावर तिन्ही लेकरांची मनगटं बांधायची. बंटी आता सात वर्षांचा, पिंकी पाचची, गुड्डू तीनचा. ही माझ्या चुलतभावाची, म्हणजे दादाची लेकरं. काठाचं दुसरं टोक माझ्या हातात, गाडीत असलो की मनगटाला. गाठी सगळ्या मीच मारायच्या.

"लगन न झालेल्या पोरीच्या हातची गाठ सुटत नाही," असं मोठी आई म्हणते. हे मात्र खरं आहे. मी गाठ मारते ती रागात मारते.

आधी हा काठ माझ्या आत्याच्या हातात होता. तिचं लग्न झालं आणि तो माझ्याकडे आला. मी तेव्हा सहावीत होते, लेकरं तेव्हा दुसरी होती.

एकदा मी वहिनीला विचारलं, "वहिनी, लेकरं तुमची ना?"

"माझीच आहेत," वहिनी म्हणाली. "पण माहेरी मी सात सांभाळले. आता मले पाहू दे."

* * *

जामसांवलीचा मारुती आमच्यापासून जवळ. दरवर्षी जातो. तिथला मारुती उभा नाही, आडवा आहे, झोपलेला. असं सांगतात. मी पाहिलेला नाही. मी बाहेर झाडाखाली लेकरं आणि सगळ्यांच्या चपला घेऊन बसते.

एका वर्षी एक बाई आल्या, त्यांनी आपल्या चपला आमच्या चपलांशेजारी काढल्या आणि आत गेल्या. त्यांचं पाहून आणखी दोघांनी काढल्या. मग एक पूर्ण वऱ्हाड. दर्शन घेऊन आल्यावर त्या बाईंनी माझ्या हातावर चार आणे ठेवले आणि प्रसादाचा नारळही दिला.

मोठे बाबा बाहेर येऊन पाहतात तर मी चपलांच्या ढिगात. ते म्हणाले, "चला, पोरगी कमावती झाली."

बंटीला दुसरीच काळजी. "आत्या, देव झोपून राहिला ना आत?"

"हो म्हणतात."

"मग आपण काहून जागून राहिलो?"

* * *

पचमढीला पहिल्यांदा गेलो तेव्हा पांढुर्ण्याहून इटारसीकडे जाणारी पॅसेंजर पकडली. मोठ्या बाबांच्या हिशोबानं गाडीच्या बऱ्याच आधी स्टेशनवर पोचायचं असतं, त्यामुळे गाडी यायच्या आतच पुऱ्यांचा डबा अर्धा झाला होता. गाडी सुटली, तिगाव आलं आणि गुड्डू म्हणाला, "सू."

पाण्याची छागल, म्हणजे कॅनव्हासची पिशवी, भरायची होती म्हणून तीही मोठ्या आईनं माझ्याच खांद्यावर दिली. गुड्डूला उतरवायचं तर त्याची गाठ सोडायला हवी. ती सुटेना. मग गुड्डूबरोबर पिंकी उतरली, पिंकीबरोबर बंटी उतरला आणि शेवटी मी. आम्ही चौघं तिगावच्या प्लॅटफॉर्मवर रांगेत उभे. गुड्डूचं चालू होतं तेव्हाच गाडी हलली.

मी पळायला लागले. पण गुड्डू मध्येच थांबत नाही, त्यामुळे कोणालाच पळता येईना. मोठे बाबा खिडकीतून अर्धे बाहेर आले. आता हे ओरडतील, साखळी ओढतील असं मला वाटलं. त्यांनी आत वळून सांगितलं, "अरे, छागल तिच्याच जवळ आहे. डब्यात पाणी नाही."

गाडी गार्डनं थांबवली. साखळी कोणी ओढली नाही. मोठी आई म्हणाली, दंड लागतो.

* * *

आता पचमढीचं. मी बी.ए.ला भूगोल घेतला आहे. सातपुड्याचा नकाशा मी इतक्यांदा काढला आहे की डोळे मिटून काढीन, आणि दरवेळी सगळ्यात उंच जागी एक टिंब देऊन लिहिते, धूपगड. तिथून सूर्यास्त पाहायला लोक कुठून कुठून येतात. ज्या डोंगराचं टिंब मी काढते तो एकदा पायाखाली असावा, एवढीच माझी इच्छा होती.

जीप खाली थांबते. शेवटचा चढ चालायचा असतो. मोठ्या आईनं काठाचं टोक माझ्या हातात दिलं आणि मंडळी वर गेली. मी जीपजवळ. समोर झाडी होती, झाडीमागे आकाश लाल झालं, मग काळं झालं. पिंकीनं विचारलं, "आत्या, वर काय आहे?" मी तिला उंची सांगितली. मला तेवढंच माहीत होतं.

मंडळी उतरली. मी विचारलं, "कसं होतं मोठे बाबा?"

"काय पाहाचं त्याच्यात?" ते म्हणाले. "सूर्य बुडते. पांढुर्ण्यात पण बुडते."

रात्री मी आईजवळ कुरकुर केली. तिला म्हटलं, तू काही बोलत का नाहीस? आई घड्या घालत होती. म्हणाली, "लगनाआधी मी आग्र्याला गेली होती. काकांच्या लेकरांना घेऊन ताजमहालाच्या बाहेर बसली होती. तिथचा लिंबूपाणीवाला चांगला होता."

* * *

नागपूरला प्राणी पाहायला नेलं तेव्हा मला वाटलं, इथे तरी लेकरांमुळेच माझं काम होईल. लेकरांनाच वाघ दाखवायचा, म्हणजे मलाही दिसेल. पण पिंजऱ्यापाशी मोठी आई म्हणाली, "गर्दी आहे, लेकरं दबतीन. तू इथंच उभी राहा, आम्ही पाहून येतो." म्हणजे वाघ बघायला लेकरांचे आबा-आजी गेले आणि लेकरं माझ्याबरोबर बाकाजवळ राहिली.

थोड्या वेळानं लोक आमच्याभोवती थांबायला लागले. तीन लेकरं एका काठाला बांधलेली, शेवटी एक रागावलेली पोरगी. एक पोरगा बापाच्या खांद्यावर बसला होता. त्यानं नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "पप्पा, यांना काहून बांधलं? हे चावतात का?"

बंटीनं त्याला चावून दाखवलं.

* * *

त्याच दिवशी फोटो काढला. स्टुडिओत पडद्यावर समुद्र रंगवलेला होता, त्यापुढे सगळे ओळीनं उभे. लेकरं पुढे, आणि मी पडद्याच्या बाहेर काठ धरून, म्हणजे लेकरं हलणार नाहीत. फोटोग्राफर म्हणाला, "बहिनजी, थोडा और साइड में."

फोटो फ्रेम करून आमच्या बैठकीत लावला आहे. पाहुणे आले की मोठे बाबा एकेकाची ओळख करून देतात. कडेला एक हात आहे, काठ धरलेला. त्यावर बोट ठेवून सांगतात, "अन् ही आमची बेबी."

मी आहे त्या फोटोत. मनगटापर्यंत.

* * *

मागच्या दिवाळीनंतर बोरगावकडचे लोक मला पाहायला आले. मोठ्या आईनं कॉलेजचं एका वाक्यात संपवलं आणि लेकरांवर आली. "आमची बेबी लेकरं अशी सांभाळते, का कोठीही न्या."

मुलाची आई एकदम सरसावून बसली. "मग तर चांगलंच आहे. आमच्या घरी पाच आहेत. आम्ही पण दरसाल जात असतो कोठी ना कोठी."

मोठे बाबा मुलाला म्हणाले, काही विचारायचं असेल तर विचार. तो लाजला. मग मीच विचारलं, "तुम्ही धूपगड पाहिला आहे?"

"हाव. दोनदा."

"कसा आहे?"

त्यानं बराच विचार केला. "थंड आहे," तो म्हणाला.

ते गेल्यावर मी मोठ्या आईला म्हटलं, "तुम्ही तर म्हणता, लग्न झालं की काठ सुटतो."

"सुटते ना. मग त्यांच्या घरची एखादी पोरगी राहीन."

"तिथे तर पाचही पोट्टेच आहेत. मोठी पोरगी कोणीच नाही."

मोठी आई म्हणाली, "मग तुझं लगन झालं तरी तुले सवय आहेच."

पत्रिका जमली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला पत्रिकेबद्दल आदर वाटला.

* * *

यंदा मोठ्या बाबांनी पुन्हा पचमढी ठरवली. मागच्या वेळी त्यांना थंड हवा मानवली होती. मी घरातून निघतानाच सांगितलं, "यंदा मी वर येणार आहे." मोठे बाबा म्हणाले, "पाहू." आमच्या घरी पाहू म्हणजे नाही.

जीप त्याच जागी थांबली. तीच झाडी. लेकरं खाली उतरली, काठाला बांधलेली, गाठी सकाळीच मी मारलेल्या. मोठे बाबा एका दगडावर बसून चपला काढून कॅनव्हासचे बूट घालत होते. मोठ्या आईनं न बघताच काठाचं टोक माझ्याकडे केलं. मी ते घेतलं.

मी मोठ्या बाबांसमोर गुडघ्यावर बसले. त्यांना वाटलं, मी नाडी बांधून देते आहे. त्यांनी पाय पुढे केला. मी त्यांचा हात घेतला, घड्याळाच्या वर काठाचं टोक गुंडाळलं आणि गाठ मारली.

"हे काय करून राहिली तू?" मोठे बाबा म्हणाले.

"गाठ मारून राहिली."

"अन् मी वर कसा जाऊ?"

"मी जाते ना आता."

मोठी आई पुढे झाली. "बेबी, आपल्या घरात आजपर्यंत असं झालं नाही."

"म्हणूनच मी आजपर्यंत वर गेली नाही."

"सोड ते."

"नाही सोडत," मी म्हणाले.

दादानं वहिनीकडे बघायला मान वळवली. वहिनी केव्हाच चढाच्या अर्ध्यावर होती. माझे वडील रुमालानं चष्मा पुसायला लागले. आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पदर खोचला आणि तीही चढायला लागली.

तेवढ्यात गुड्डूनं आबांचा हात ओढला. "आबा, सू."

मोठ्या बाबांनी गाठीला नख लावलं. मग दात लावले. मोठ्या आईनं हात लावून पाहिला आणि सोडून दिला. झाडीमागे आकाश पिवळं व्हायला लागलं होतं.

"बेबी," मोठे बाबा म्हणाले, या वेळी जरा हळू, "सूर्य बुडून जाईन ना व तोपर्यंत. मग आम्ही काय पाहाचं?"

"पांढुर्ण्यात पण बुडते, मोठे बाबा," मी म्हणाले. "तुम्ही तिथं पाहून घ्या."

गुड्डूनं पुन्हा आबांचा हात ओढला. मोठी आई गाठीकडे पाहत होती.

मी चढायला लागले.