दत्तप्रसादचं ‘नको’

दुबईत रास अल खोरच्या एका गोदामात इन्चार्ज असलेल्या दत्तप्रसाद सामंतला ‘नाही’ म्हणता येत नसे. साहेबाने सुट्टीच्या दिवशी बोलावलं, शेजाऱ्याने गाडी मागितली, तरी उत्तर एकच: ‘चालेल.’ घरी तर विचारूच नका. शारजातल्या रोल्ला भागातल्या फ्लॅटचे पडदे, जेवणाची वेळ, एसी किती ठेवायचा, सगळं बायकोच्या, अनुपमाच्या मर्जीने.

अनुपमा भारी हौशी. दुबईतल्या मॉलमधल्या बर्फावर ती पन्नाशीत स्कीइंग शिकली आणि नवऱ्यालाही तिने शिकवलं. आता तिला स्कीइंगसाठी जॉर्जियाच्या खऱ्या, बर्फाळ डोंगरांत जायचं होतं. तिथे ना लिफ्ट, ना राखलेली वाट. हिमस्खलन झालं तर शोधायला सोबत्याशिवाय कोणी नाही.

म्हणून दोघं आणखी चार जणांबरोबर हाफिजाकडे धोका ओळखायला शिकू लागली. ही मूळची गिलगिटच्या बर्फाळ डोंगरांतली बाई सराव वाळूच्या टेकड्यांवर घेई. ‘रेत नहीं, बर्फ समझो,’ ती म्हणे. वारा एका अंगाची वाळू उचलून पलीकडे नेऊन टाकतो; बर्फाचंही तसंच. ती नवी भर दिसायला सुरेख, पण सैल. उतार तीस अंशांच्या वर असला, की ती कधीही सुटू शकते. उतरण्याआधी प्रत्येकाला विचारायचं, आणि एकानेही ‘नको’ म्हटलं तर सगळ्यांनी निमूट मागे फिरायचं.

पहिल्या सरावात दत्तप्रसादने उतार मोजला. जास्त भरला. मनात पाल चुकचुकली. पण अनुपमाने ‘उतरू या ना?’ विचारलं आणि तोंडातून निघूनच गेलं, ‘चालेल.’

‘खलास,’ हाफिजा म्हणाली. ‘सब दब गए.’

परतताना अनुपमाने विचारलं,

‘तुला कळलं होतं ना, दत्ता?’

‘हो. पण तुझा चेहरा पडला असता.’

‘अरे वेड्या! पुढच्या वेळीही चालेल म्हणालास, तर जॉर्जिया कॅन्सल. तुझ्याशिवाय मी जाणार नाही, आणि असल्या तुझ्याबरोबर तर मुळीच नाही.’

आठवडाभर तो आरशासमोर ‘नको’ म्हणून पाहत होता. आरशाला म्हणणं सोपं होतं.

रविवारी सकाळी सगळे पुन्हा माथ्यावर उभे राहिले. रात्रीच्या वाऱ्याने पलीकडची बाजू गुळगुळीत करून ठेवली होती. अनुपमा सराव-बिराव सगळं विसरली.

‘काय सुंदर आहे रे! यल्ला, चला, उतरू या?’

बाकीचे केव्हाच हो म्हणाले होते. दत्तप्रसादने पायाने कड दाबली, तशी वाळू सरसरत निघाली. हिचा आनंद मोडायचा म्हणजे त्याच्या अगदी जिवावर आलं.

‘नको,’ तो म्हणाला.

‘अरे, वाळूच तर आहे!’ ती चिडलीच.

‘बर्फ समज. नको म्हणजे नको, अनु.’

सगळे मागे फिरले. चार पावलं गेल्यावर अनुपमाने त्याचा हात घट्ट धरला.

‘तिकिटं काढ,’ ती डोळे पुसत म्हणाली.

गाडीत बसल्यावर तिने सवयीने एसी वाढवला. ‘चालेल ना?’

‘चा...’ तो अडखळला. ‘नको. मला थंडी वाजते.’

‘आज?’

‘नेहमीच. घरीसुद्धा.’

‘इतकी वर्षं, दत्ता? आणि बर्फात यायला निघालास?’

‘तू एकटी कशी जाशील?’

अनुपमाने एसी बंद केला, काचा खाली केल्या, आणि घर येईपर्यंत त्याच्या गार बोटांवरचा हात काढला नाही.