टकटकाटाच्या खोलीतले किस्से

अमरावतीत आमच्या डॉक्टरांकडे पार्किन्सनच्या पेशंटच्या डोक्याशी चुंबकाची कॉइल धरणं, हे माझं काम. ऑपरेशन नाही, सुई नाही. मेंदूला चुंबकाचे ठोके, नुसती टक टक टक, वीस मिनिटं. पेशंटनं डोकं हलवायचं नाही, पण तोंडाला कोण अडवणार? सात वर्षांत माझा खांदा गेला आणि किस्से तेवढे साचले.

*

भातकुलीचे देवरावकाका. उजवा हात सतत थरथरायचा. पहिल्या दिवशी मेंदूतली हाताची नेमकी जागा शोधायला आम्ही डोक्यावर एकेक ठोका देतो. जागा सापडली की अंगठा आपोआप उडतो. बऱ्याच वेळानं काकांचा उडाला. मी खूश! "काका, हात हलला!"

काकांनी कीव आल्यासारखं पाहिलं. "बाई, घरी बी तो हालूनच राहिला. मी थांबवाले आलो!"

*

एक रिटायर्ड मास्तर. ऐकू यायचं कमी. धातू चालत नाही, म्हणून कानातलं मशीन काढून ठेवलं.

"सर, डोकं हलवू नका!"

"काय म्हनता?" की वळलं डोकं! कॉइल पुन्हा लावली. पुन्हा तेच. चौथ्यांदा मी वैतागून पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि समोर धरलं.

सर वाचायला पुढे वाकले. "चष्मा द्या बरं!"

*

सुलोचनाकाकू फुलांचे हार विकायच्या. बोटं गाठ मारीनाशी झाली म्हणून आल्या. मधेच मशीन, पंखा, सगळं बंद.

"लाईन गेली," मी म्हणाले.

काकूंनी डोळेही उघडले नाहीत. "तुमची का माही?"

*

"माय बरी होईल ना?" नांदगाव पेठच्या कापड कारखान्यातला एक जण रोज विचारायचा. माझं उत्तर ठरलेलं: "आजार जात नाही. काहींना थोडे दिवस सोपं जातं, काहींना तेही नाही." सांगून सांगून जीभ जड झाली.

एकदा तो फोन घ्यायला बाहेर गेला. त्याची आई पुटपुटली, "मले काई फरक नाई, मॅडम. पन त्याले सांगू नोका. येनंजानं धरून रोज दोन घंटे माह्याजवळ बसून राहिला तो."

*

बाळापूरचे एक काका, भाजीपाला पिकवणारे. काकूंसोबत इथे लेकीकडे उतरले होते. दार आलं की पाय जमिनीला चिकटायचे. दहा दिवस झाले, दारात तसेच. शेवटच्या दिवशी मी खरं ते सांगितलं. "काका, पायांत फरक नाही पडला." मला रडूच यायचं बाकी होतं.

काका उठले, दारापर्यंत आले आणि अडकले.

काकूंनी आपला पाय त्यांच्या पुढ्यात आडवा टाकला. तो ओलांडायला काकांचा पाय चटकन उचलला गेला!

काका मान न वळवता म्हणाले, "बेचाळीस वर्षं झाले मॅडम, आडवीच येऊन राहिली ही बाई!"

"बोलू नोका," काकू म्हणाल्या. "दुसरा पाय उचला."